उष्टावणानंतरचे वर्ष

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी पुष्कळांस नवल वाटेल. तान्ह्या बाळास पहिले अन्न केव्हा व कसे द्यावे, हा प्रश्न आजीचा, दाईचा, फार तर डॉक्टरचा. त्यात खडूफळ्याची नोकरी करून निवृत्त झालेल्या मास्तराने का पडावे? ह्याचे उत्तर प्रथम देतो. प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तेत दरवर्षी जी मुले दाखल होतात, त्यांत काही वयाच्या मानाने फारच लहानखुरी असतात. उंची कमी, अंगात रक्त कमी, दुपार होण्यापूर्वीच मान पाटीवर टेकलेली. लोक त्यांस मंद म्हणतात आणि आईबाप नशिबास बोल लावतात. परंतु सहाव्या वर्षी जी उंची भिंतीवरच्या खुणेला कमी भरते, ती बहुधा सहाव्या वर्षी खुंटलेली नसते. जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतच तिची वाढ अडलेली असते. पुढे शाळेत दुपारचे जेवण मिळाले तरी गेलेले सगळेच्या सगळे भरून निघत नाही. ज्या दुखण्याचे फळ शाळेत दिसते, त्याचे मूळ घरच्या चुलीपाशी शोधणे हे मास्तराचेही कर्तव्य होय, अशी माझी समजूत आहे.

मी बोलणार आहे तो मुलूख नरखेड तालुक्याचा. नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकास, वर्धा आणि जाम ह्या नद्यांच्या अंगाने पसरलेला हा भाग संत्र्यांच्या बागांसाठी सर्वदूर ठाऊक आहे. मोवाड, जलालखेडा, सावरगाव, बेलोना, कोणत्याही गावी जा. संत्रा, कापूस, तूर, गहू, ज्वारी ह्यांपैकी काही ना काही शिवारात उभे असते. हा दुष्काळी मुलूख नव्हे. घरात कणगी आहे, डाळीचा डबा आहे, दारात गाय नसली तरी शेजारी दूध मिळते. असे असूनही ह्याच घरांत आठ-दहा महिन्यांचे मूल अर्धपोटी राहते, आणि ते अर्धपोटी आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ह्याची कारणे तीन आहेत. पहिले, अन्न सुरू करण्याची वेळ चुकते. दुसरे, अन्न सुरू होते ते अन्न नसून बहुतांशी पाणी असते. तिसरे, बाळाच्या जेवणाचे काम घरात कोणा एकाकडे नेमून दिलेले नसते. ह्या तीन गोष्टींचाच आज विचार करू.

हे दुखणे आपल्याच तालुक्याचे आहे असेही कोणी समजू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ ह्या काळात झाली. तीत असे आढळले की, भारतातील सहा ते आठ महिन्यांच्या शंभर बाळांपैकी सुमारे ४६ बाळांनाच अंगावरच्या दुधाबरोबर घट्ट वा अर्धघट्ट अन्न मिळत होते. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांत ज्यांचा आहार पुरेसा म्हणता येईल, अशी मुले शंभरात केवळ ११ होती. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी ३५ वयाच्या मानाने खुजी निघाली. हे आकडे केवळ गरिबीचे नव्हेत. घरात असलेले अन्न बाळाच्या तोंडापर्यंत कसे पोहोचत नाही, त्याचेही ते आकडे आहेत.

आता वेळेचा प्रश्न घेऊ. आपल्याकडे बाळाच्या पहिल्या अन्नास उष्टावण म्हणतात. हा संस्कार फार जुना आहे. गृह्यसूत्रांत आणि मनुस्मृतीत अन्नप्राशनास सहावा महिना सांगितला आहे. पुढे रूढीने त्यात भेद पडला. मुलाचे उष्टावण सम महिन्यात, म्हणजे सहाव्या किंवा आठव्या. मुलीचे विषम महिन्यात, म्हणजे पाचव्या किंवा सातव्या. येथे जरा हिशेब करा. पाचवा महिना चालू आहे ह्याचा अर्थ चारच महिने पूर्ण झाले आहेत. तेव्हा मुलीस अन्न लवकर मिळाले. आठवा महिना चालू आहे ह्याचा अर्थ सात पूर्ण झाले. तेव्हा मुलास उशिरा मिळाले. एकाच घरातील दोन भावंडांत असा तीन महिन्यांचा फरक पडतो, आणि त्यास मुलगा-मुलगी ह्याखेरीज दुसरे कारण नसते. बाळाच्या पोटाला मात्र हा भेद ठाऊक नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांतील अनुभव पडताळून २००१ साली जो सल्ला कायम केला तो असा: पहिले सहा महिने पुरे होईपर्यंत केवळ अंगावरचे दूध, त्यानंतर अंगावरच्या दुधाच्या जोडीस अन्न, आणि दूध दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ चालू. लक्षात ठेवण्यास सोपे म्हणून सांगतो, सहा महिने पुरे होऊन सातवा लागला की अन्न लागले पाहिजे. बाळ १० जूनला जन्मले असेल तर १० डिसेंबरला त्याची वाटी मांडली जावी. मुलगा असो वा मुलगी, तारीख तीच.

ह्यापूर्वी का नको? तीन-चार महिन्यांच्या बाळाच्या ओठांना चमचा लावला की ते जिभेने पदार्थ बाहेर लोटते. तो हट्ट नसून निसर्गाने ठेवलेला पहारा आहे. सहा महिन्यांच्या सुमारास हा पहारा सैल होतो, मान सावरते, आधाराने बसता येते आणि मोठ्यांच्या ताटाकडे हात जाऊ लागतो. त्याआधी वरचे काही दिले तर जुलाबाचा धोका वाढतो आणि बाळ अंगावर कमी ओढू लागल्याने आईचे दूधही कमी होते. आपल्याकडील मे महिन्याच्या उन्हात आजीला वाटते, लेकराच्या घशाला कोरड पडली असेल, दोन चमचे पाणी द्यावे. परंतु सहा महिन्यांच्या आतील बाळास तेही लागत नाही. अंगावरच्या दुधात बहुतेक पाणीच असते. उन्हाळ्यात त्यास अधिक वेळा अंगावर घ्यावे, म्हणजे झाले.

आणि ह्यानंतर उशीर का नको? कारण जन्मताना बाळ आईकडून लोहाचा जो साठा घेऊन येते तो सहा महिन्यांच्या सुमारास सरत येतो. आईच्या दुधात लोह फार थोडे असते, त्यामुळे पुढचे जवळजवळ सर्व लोह अन्नातूनच यावे लागते. शक्तीचे गणितही तसेच आहे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळास दिवसाला अदमासे ६०० उष्मांक लागतात. त्यांतील ४०० च्या आसपास आईचे दूध पुरवते. उरलेले २०० अन्नाने भरावे लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत हा तुटीचा आकडा ३०० वर जातो आणि दुसऱ्या वर्षी ५५० वर. तूट भरली नाही तर बाळ रडतेच असे नाही. ते हळूहळू कमी खेळते, कमी वाढते, आणि घरातील माणसे म्हणतात, ‘मोठं शांत लेकरू आहे!’

उष्टावणाच्या सोहळ्यास माझा मुळीच विरोध नाही. मामा यावा, चांदीची वाटी आणावी, खिरीचे बोट चाटवावे. परंतु मामाच्या घरी कापसाची वेचणी चालू असते, संत्र्याचा तोडा असतो, कधी मुहूर्त नसतो, आणि महिना-दोन महिने निघून जातात. मामाची गाडी नरखेड स्थानकावर उशिरा लागली तरी बाळाची भूक वेळेवरच लागते. म्हणून सोहळा सवडीने करा, पण अन्न वेळेवर सुरू करा. दुसरीकडे असेही दिसते की सोहळा थाटाने होतो, गावजेवण होते, आणि दुसऱ्या दिवसापासून बाळास पुन्हा काहीच नाही. उष्टावण झाले, पण जेवण सुरू झाले नाही. उष्टावण हा एका दिवसाचा विधी आहे. त्यानंतरचे जेवण हे वर्षा-दीड वर्षाचे काम आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. बाळाचे पोट किती मोठे असते? वजनाच्या दर किलोस साधारण ३० मिलिलिटर धरतात. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी २४० मिलिलिटरहून अधिक मावत नाही, आणि त्यात दुधालाही जागा हवी. अशा लहान पोटात आपण काय घालतो? वरणावरचे पाणी, भाताची पेज, डाळीचे गाळलेले पाणी. सत्त्व पाण्यात उतरते अशी आपली समजूत असते. आजी काळजीने म्हणते, ‘घट्ट देऊ नको वं, लेकराले जड जाईन.’ तिची माया खरी आहे, परंतु हिशेब चुकला आहे. डाळीचे सत्त्व डाळीत असते. ती गाळून मोठ्यांच्या ताटात जाते आणि बाळाच्या वाटीत पिवळे पाणी येते.

शाळेतल्या पाटीवर मांडावे तसे हे गणित मांडून पाहू. एक ग्रॅम धान्यापासून किंवा डाळीपासून सुमारे साडेतीन उष्मांक मिळतात. एक ग्रॅम तुपापासून वा तेलापासून नऊ. सव्वाशे मिलिलिटरची एक वाटी घ्या. पातळ पेजेत जर पाच ग्रॅम पीठ असेल तर त्या वाटीत साडेसतरा उष्मांक आले. २०० ची तूट भरण्यास अशा अकरा-बारा वाट्या लागतील. एवढे पाणी कोणतेही बाळ पिऊ शकणार नाही; आणि प्यायले तर दुधाला जागा उरणार नाही. आता त्याच वाटीत वीस ग्रॅम पीठ घालून घट्ट शिजवा आणि वर पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा तूप घाला. पिठाचे ७० आणि तुपाचे ४५ मिळून ११५ उष्मांक झाले. अशा दोन वाट्यांत बाळाची दिवसाची तूट भरून निघते. चूल तीच, धान्य तेच, आईचे श्रमही तेवढेच. फरक केवळ घट्टपणाचा आहे. घट्टपणाची परीक्षा सोपी आहे. चमचा तिरपा केला असता अन्न चमच्यावर टिकले पाहिजे. ते धारेने गळले तर ते पेय समजावे.

घट्ट अन्न बाळास गिळता येईल का, पचेल का, दात आलेले नाहीत त्याचे काय, असे प्रश्न विचारले जातात. मऊ शिजवून बोटांनी वा चमच्याने नीट घोटलेले अन्न हिरड्यांनी सहज चावले जाते. दातांची वाट पाहण्याचे कारण नाही. शिवाय घट्ट अन्न मऊ करण्याची एक जुनीच युक्ती आहे. गहू रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत, उन्हात वाळवून, हलके भाजून दळावेत. ह्या पिठाचा एक लहान चमचा शिजलेल्या घट्ट लापशीत घालून ढवळला की ती पाणी न घालताच सैल होते. मोड येताना धान्यात जो पाचक अंश तयार होतो, तो पिठूळपणा तोडतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास ह्या विदुषींनी ह्या गोष्टीचा शास्त्रीय अभ्यास करून ती बालकांच्या आहारासाठी पुढे मांडली. अशी लापशी सैल झाल्यावर पुन्हा एक उकळी आणावी, म्हणजे पिठातून आलेले जंतू राहणार नाहीत.

आता नरखेडच्या स्वयंपाकघरात काय आहे ते पाहू. पहिल्या आठवड्यात दोन-तीन चमचे पुरेत. मऊ भात आणि मुगाचे वरण एकत्र घोटून त्यात थोडे तूप. खिमट हा तर आपल्या घरचाच पदार्थ. दोन भाग तांदूळ आणि एक भाग मुगाची डाळ धुऊन, वाळवून, भाजून भरड काढावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. वेळेला दोन मोठे चमचे भरड पाण्यात मऊ शिजवली की बाळाचे जेवण तयार. ज्वारीच्या पिठाची लापशी, गव्हाचा सांजा, कण्या, तुरीच्या घट्ट वरणात कुस्करलेली मऊ भाकरी, दही-भात, हे सर्व चालते. धान्य आणि डाळ एकत्र असावी, कारण एकीची उणीव दुसरी भरून काढते. भाजलेल्या शेंगदाण्यांचे बारीक कूट लापशीत शिजवून द्यावे, परंतु अखंड शेंगदाणा, फुटाणा, सुपारीचे खांड लहान मुलाच्या हाती कधीही पडू देऊ नये; ते श्वासनलिकेत अडकून जीव जातो. पालक, मेथी, शेवग्याचा कोवळा पाला वरणात शिजवून घोटावा. लाल भोपळा, गाजर, पिकलेली पपई ही डोळ्यांसाठी. ज्या घरी अंडी वा मासे चालतात, तेथे सातव्या महिन्यापासून पूर्ण शिजवलेले अंडे आणि काटे काढलेला मासा देण्यास हरकत नाही; माशातील लोह अंगी अधिक लागते.

आणि संत्रे? ज्या तालुक्यातून गाड्या भरभरून संत्रे परमुलखात जाते, त्या तालुक्यातील बाळाच्या वाटीत ते अभावानेच दिसते. सर्दी होईल ही भीती आडवी येते. सर्दी जंतूंनी होते, संत्र्याने नव्हे. उलट त्याचा मोठा उपयोग आहे. डाळीतील, धान्यातील आणि पालेभाजीतील लोह शरीर सहजी उचलत नाही. त्याच जेवणाबरोबर क जीवनसत्त्व असेल तर ते अधिक उचलले जाते, आणि संत्र्यात ते विपुल असते. म्हणून वरण-भाजीच्या घासांबरोबर संत्र्याच्या एक-दोन फोडी, वरचे पातळ साल आणि बी काढून, गर कुस्करून द्याव्यात. बाटलीत रस भरून देण्याचे कारण नाही. आंबिया बहार असो वा मृग बहार, बागेतले डागी म्हणून बाजूला काढलेले फळदेखील ह्या कामास चालते. सडलेले तेवढे नसावे. आणि ह्याच्या अगदी उलट काम चहा करतो. चहातील तुरट अंश लोहाला अडवून धरतो. सकाळच्या चहात बुडवलेले बिस्कीट हे कित्येक घरांत बाळाचे पहिले जेवण असते. ते पोट भरते, भूक मारते, आणि रक्त वाढू देत नाही.

काय देऊ नये ह्याची यादी लहान आहे. मध एक वर्ष पुरे होईपर्यंत नको. त्यात कधी कधी असे बीजाणू असतात की तान्ह्याला जिवावर बेतते. मीठ आणि साखर पहिल्या वर्षी जवळजवळ नकोच. बाळाच्या जिभेला आपल्या चवीची आठवण नसते. गाईचे वा म्हशीचे दूध अन्नात घालून शिजवावे, परंतु पहिल्या वर्षी ते अंगावरच्या दुधाची जागा घेणारे पेय होऊ नये. दुधाची बाटली घरात आणूच नये. तिचे बूच नीट धुतले जात नाही आणि तीतून जुलाब येतात. डब्यातील बाळ-पिठे आणि बाटल्या ह्यांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा आपल्या देशात १९९२ साली झाला, तो काही उगाच नव्हे. वाटी आणि चमचा ह्यांवर सर्व काम भागते.

तिसरी गोष्ट, हे काम करावयाचे कोणी? आई सकाळी सातला संत्र्याच्या तोड्याला किंवा कापूस वेचण्यास जाते आणि दिवस मावळता येते. घरी आजी असते, कधी आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण. तेव्हा केवळ आईला उपदेश करून भागणार नाही. हे भाषण आजींनी, आजोबांनी आणि विशेषतः बापाने ऐकावे असे मला वाटते. माझी सूचना अशी की, बाळाची वाटी वेगळी असावी आणि तीतले अन्न किती गेले हे रोज कोणीतरी पाहावे. आईच्या ताटातून दोन घास दिले तर ते किती झाले हे कोणीच सांगू शकत नाही. आईने सकाळी निघण्यापूर्वी एकदा भरवावे, भरड आणि तूप काढून ठेवावे. दुपारी आजीने ताजे शिजवून भरवावे. संध्याकाळी आई घरी आल्यावर पुन्हा. रात्री अंगावरचे दूध आहेच.

किती वेळा, ह्याचेही प्रमाण ठरलेले आहे. सातव्या-आठव्या महिन्यात दिवसातून दोन-तीन वेळा, दोन-तीन चमच्यांपासून वाढवीत सव्वाशे मिलिलिटरच्या वाटीपर्यंत. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा, आणि अन्न घोटण्याऐवजी कुस्करलेले, हाताने उचलता येईल असे. वर्षाच्या पुढे घरातलेच सर्व अन्न, तिखट घालण्यापूर्वी बाजूला काढलेले, तीन-चार वेळा. मध्ये एक-दोनदा फळ वा पोळीचा तुकडा. आणि ह्या सर्व काळात अंगावरचे दूध बंद नाही. पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात निम्मी वा अधिक शक्ती दुधातूनच येते आणि दुसऱ्या वर्षी एकतृतीयांश. अन्न हे दुधाच्या जोडीला असते, दुधाच्या जागी नसते.

दूध एकाएकी तुटल्याने काय होते, ह्याची एक गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना देश, येथे सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टर बाई काम करीत होत्या. अंगावर सूज आलेली, केस पिंगट पडलेली दोन-तीन वर्षांची मुले त्यांच्याकडे येत. त्यांनी १९३३ साली ह्या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५ साली तेथील गा लोकांच्या बोलीतले नाव त्यास दिले: क्वाशिओरकोर. पाठचे भावंड झाल्यावर ज्याचे स्थान जाते त्या मुलास होणारा रोग, असा त्याचा भावार्थ. दूध सुटले आणि त्याच्या जागी मक्याची निःसत्त्व पेज आली, हे त्याचे कारण होते. आपल्याकडेही आईस पुन्हा दिवस गेले की थोरल्याचे दूध त्याच दिवशी तोडतात. ज्याच्या वाटीत तोवर घट्ट अन्न आलेले असते ते मूल तरते. ज्याच्या वाटीत पाणीच असते त्याचे हाल होतात.

भरविण्याच्या रीतीविषयी दोन शब्द. नाक दाबून, हात धरून, रडत्या तोंडात चमचा घालणे हे भरविणे नव्हे. बाळास मांडीवर वा समोर बसवावे, त्याच्याशी बोलावे, त्याने तोंड उघडण्याची वाट पाहावी, तोंड फिरवले तर थांबावे आणि थोड्या वेळाने पुन्हा द्यावे. नवा पदार्थ एकदा थुंकला म्हणजे आवडला नाही असे नव्हे. आठ-दहा वेळा चव दिल्यावर तो रुचू लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी आंध्रच्या खेड्यांत केलेली एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. काय द्यावे एवढेच न सांगता, बाळाचा कल पाहून, त्याच्याशी खेळत-बोलत कसे भरवावे हेही ज्या मातांना सांगितले, त्यांच्या मुलांची बौद्धिक वाढ अधिक चांगली आढळली. घास भरवताना बाळ शब्दही शिकत असते, हे शिक्षकाला पटण्यास वेळ लागत नाही.

भरविणाऱ्याने हात साबणाने धुवावेत, बाळाचेही धुवावेत. ताजे शिजवून दोन तासांच्या आत द्यावे. सकाळचे दुपारी, तेही उन्हाळ्यात, देऊ नये. आता पाणी देण्यास हरकत नाही, पण ते उकळून निववलेले असावे. आजारपणात जेवण तोडण्याची आपली चाल मात्र सोडली पाहिजे. जुलाब झाले तरी दूध आणि अन्न थोडे थोडे चालू ठेवावे, सोबत जलसंजीवनी द्यावी, आणि आरोग्यसेविकेकडून जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्यात. बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण अधिक द्यावे, म्हणजे आजारात गेलेले भरून येते. बाळ सुस्त पडले, डोळे खोल गेले, पीत नाहीसे झाले तर घरी थांबू नये. तडक दवाखाना गाठावा.

हे सर्व ठीक चालले आहे किंवा नाही, हे कशावरून ओळखावे? नजरेवर विसंबू नये. अंगणवाडीत दरमहा वजन होते आणि माता-बाल कार्डावर त्याची रेघ काढतात. ही रेघ वाचण्यास फार विद्या लागत नाही. एका महिन्याच्या आकड्यापेक्षा रेघेची दिशा पाहावी. ती वर चढत असेल तर वाटी भरत आहे. दोन महिने ती सपाट राहिली तर बाळ हसत-खेळत असले तरी वाटीत काही कमी पडत आहे असे समजावे. सर्वसाधारणपणे जन्मवेळचे वजन पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट होते. अंगणवाडीची योजना १९७५ पासून चालत आली आहे. सहा महिन्यांपुढील बाळासाठी तेथून जो शिधा मिळतो तो बाळाच्याच वाटीत पडावा. २०१८ पासून आशाताईंनी बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येऊन पाहावे अशी व्यवस्था आहे. त्या आल्या तर दारातून परत पाठवू नका. लोहाचे औषध आणि नवव्या महिन्यातील अ जीवनसत्त्वाचा डोस ह्यांविषयी त्यांना विचारा.

हे काम खेड्यातल्या साध्या बायांच्या आवाक्याबाहेरचे आहे असे म्हणणाऱ्यांस जामखेडचे उदाहरण सांगावे. १९७० साली डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे ह्या दांपत्याने अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम आरंभिले. गावोगावच्या, बहुतांशी अक्षरशत्रू असलेल्या स्त्रियांनाच त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले, आणि मुलांची वजने, त्यांचे खाणेपिणे ह्यांकडे त्या स्त्रियाच पाहू लागल्या. सारे जग ते काम पाहावयास आले. ज्ञान थोडे होते, परंतु ते घरोघर पोहोचले आणि नित्य वापरले गेले.

श्रोतेहो, माझे सांगणे तीन वाक्यांत आटोपते. सातवा महिना लागताच अन्न सुरू करा आणि दूध चालू ठेवा. वाटीत पाणी नको. चमच्यावर टिकेल असे घट्ट, तुपा-डाळीचे अन्न असू द्या. आणि त्या वाटीची जबाबदारी घरातील कोणीतरी नाव घेऊन स्वीकारा. ज्यांच्या घरी ह्या महिन्यात सहा महिन्यांचे बाळ होत असेल, त्यांनी उद्याच एक स्वच्छ वाटी वेगळी काढून ठेवावी. सहा वर्षांनी ते मूल शाळेत येईल, तेव्हा त्याच्या मास्तराला त्या वाटीचा उपयोग दिसून येईल.